आधी एकटं भरीत

आमच्या जळगावचा हा कॉम्प्युटरवाला माउसला शिवत नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करतो आणि एन्टर दाबण्याआधी बोटं कडाकडा मोडतो. शेजारच्या अक्कांच्या पाककृतींच्या शेकडो फायली महिला मंडळाच्या ऑनलाइन वहीत एकदम चढवायच्या होत्या. तिथे सगळ्याजणी एकत्र लिहितात. अक्कांना धास्ती, आपलं काही हरवलं तर?

त्यानं आधी एकटं भरीत चढवून पाहिलं. लगेच साक्रीच्या कुणीतरी त्यात टोमॅटो घातला.

"हाई टमाटावाली कोन शे?" अक्का कडाडल्या.

"अक्का, मूळ फाइल माझ्याकडे सुखरूप आहे. बाकीचं सगळं चढवू की राहू द्यायचं?"

"चढाव बठ्ठं. आनि माले बसू दे, तिना टमाटा मीच काढस."

मलाही कधी खुर्ची न देणारा तो हसत उठला.