धुतलेल्या कवट्या

लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत सव्वीस कवट्या होत्या. काही रानमांजरांच्या, काही वाघाटीच्या. वाघाटी म्हणजे घरच्या मांजरीहूनही लहान, अंगावर तांबूस ठिपके असलेलं रानातलं मांजर. गावाकडच्या रस्त्यांवर गाड्यांखाली मेलेली ही जनावरं माझा मामा उचलायचा, वनखात्याच्या परवानगीनेच. शिंप्याच्या टेपने अंग, शेपूट, कान मोजायचा, वजन करायचा, नर की मादी ते बघायचा, सगळं चिठ्ठीवर लिहायचा आणि साफ केलेल्या कवटीला ती चिठ्ठी बांधून माझ्याकडे पाठवायचा. त्यावर माझी पीएचडी उभी होती. मामाला जाऊनही आता दोन वर्षं झाली.

हाडावर शाईने नंबर घालायचा आणि चिठ्ठी त्या नंबराखाली वहीत उतरवायची असते, हे मी कॉलेजात पोरांना ओरडून ओरडून शिकवते. स्वतः मात्र पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत करत राहिले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

गणपतीत आमच्या घरात हाडं चालत नाहीत. म्हणून दरवर्षी तेवढे दिवस कवट्यांचे डबे हिंदमाताजवळच्या मैत्रिणीकडे जायचे. तिच्या घरचे बौद्ध, त्यांच्याकडे गणपती बसत नाही. यंदा त्यांची चाळ पाडायला घेतली आणि ते लांब कुठेतरी भाड्याने गेले. डबे ठेवायचे कुठे, यावरून मी आईशी भांडले. हाडं नाहीत ती, माझी आठ वर्षं आहेत, असं म्हणाले आणि तणतणत कॉलेजला निघून गेले.

संध्याकाळी आले तर सुपात सगळ्या कवट्या वाळत घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र. जबडे सुटे करून परातीत. आईने दिवसभर साबणाच्या पाण्यात ब्रशने घासल्या होत्या. चिठ्ठ्या मळकट म्हणून कचऱ्यात टाकल्या होत्या, आणि कचऱ्याची गाडी दुपारीच येऊन गेली होती.

"धुवन घेतलंय," ती म्हणाली. "आता देवाबरोबर घरातच ऱ्हवांदेत."

मी एकेक कवटी उचलून बघितली. रानमांजराची कवटी तळहात भरून, वाघाटीची अंड्याहून जराशी मोठी, डोळ्यांच्या खोबण्या मोठाल्या. एवढं मी डोळे मिटूनही सांगेन. पण शेपूट केवढं होतं, वजन किती, कुठल्या गावचं जनावर, हे कवटी सांगत नाही. ते मामाच्या अक्षरात होतं. मला अंग आणि कवटी ताडून बघायची होती, आणि अंगच गेलं. मी आईला नको नको ते बोलले. तुझ्या देवाने माझं वाटोळं केलं, असंही बोलले.

सकाळी उठले तर ती चष्मा लावून परातीपुढे बसलेली. एकेक जबडा एकेका कवटीला लावून बघत होती. एक नीट बसला. तिने तो माझ्यापुढे धरला.

"ह्यो ह्येचोच मा गो?"

एका वाघाटीचा जबडा दुसरीलाही बऱ्यापैकी बसतो. मी हो म्हटलं. तिने तो दोऱ्याने घट्ट बांधला, वहीचा कागद फाडून त्याला एक कोरी चिठ्ठी अडकवली, आणि काय लिहू म्हणून मला विचारलं.