रक्ताचं बियाणं

नांदेड जिल्ह्यातल्या ज्या झाडाचा पाला आमच्या सरांनी मिक्सरमधून काढला नाही, ते झाड एकतर प्लॅस्टिकचं असणार, नाहीतर अजून उगवायचं असणार. नायगावकडच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि गंभीर चेहरा, असं मला वाटायचं. सरांनी पहिल्याच दिवशी हातात पोतं दिलं. हदगावच्या एसटीत ते मध्येच पोट दाबून कळवळायचे, कंडक्टर घाबरून बेल मारायचा, आणि सर बांधावरून काखेत पाला घेऊन हसत परत यायचे. एकदा कंडक्टर म्हणाला, "सर, पोट तुमचं दुखतंय अन् खाणं शेळ्यांचं आणून राहिले! किती हायत घरी?"

शेळ्या नव्हत्या, पेशी होत्या. बाळाच्या नाळेत उरलेल्या रक्तात मूळपेशी असतात. त्या आजारी माणसाला दिल्या तर त्याच्या अंगात नवं रक्त तयार होऊ शकतं. पण नाळेतून निघतात चिमूटभर. झाडपाल्यातलं एखादं रसायन घालून त्या वाढवायच्या, हा सरांचा ध्यास. "हे रक्ताचं बियाणं हाय," ते म्हणायचे. "पोतंभर झालं पाहिजे, पण कोंब फुटता कामा नये. कोंब फुटला की पेरायच्या कामाचं न्हाई." म्हणजे पेशी वाढाव्यात, पण त्यांचं आत्ताच साधं रक्त होऊ नये. इतकं सोपं करून मला एकाही पुस्तकानं सांगितलं नाही.

नाळेतलं रक्त मिळवणं मात्र पाल्याइतकं सोपं नव्हतं. आमच्याकडं नाळ पुरतात. बाळंतपणाच्या खोलीबाहेर एक आजी अडून बसली, "नाळ तुम्हाला दिली तर पोरगं उद्या तुमच्याच दारात येऊन बसंल." सर म्हणाले, "मावशी, नाळ तुमची, आतलं रगत माझं. खड्डा मी खणून देतो." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पीएच.डी. झालेला माणूस तिच्या अंगणात कुदळ मारत होता अन् आजी खाटेवरून ओरडत होती, "अजून खोल, सर! कुत्री उकरत्यात."

हा सगळा खटाटोप सरांच्या लातूरच्या भाचीसाठी. तिला थॅलेसेमिया, दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. बरं व्हायला मूळपेशी हव्यात, पण घरात कुणाच्या जुळल्या नाहीत. कुण्या अनोळखी बाळाच्या नाळेतलं रक्त तेवढं जुळलं, ते दूरच्या एका पेढीत गोठवून ठेवलंय. पण तिच्या वजनाच्या मानानं पेशी थोड्या. पोरगी जितकी वाढणार, तितक्या त्या कमी पडणार. भाची वाढतेय म्हणून घाबरणारा मामा जगात एकच असेल.

एकदा भाचीची आई, सरांची बहीण, माहूरहून देवीचा तांबूल, म्हणजे प्रसादाचा कुटलेला विडा, घेऊन आली. "दादा, ह्यातबी पानच हाय की. ह्याचं का बघत न्हाई?" देव न मानणाऱ्या सरांनी बहिणीपुढं मान तुकवली आणि तांबूल गाळून पेशींत सोडला. काताचुन्यानं सकाळपर्यंत ताटलीतलं सगळं मेलं. बहिणीचा फोन आला तेव्हा म्हणाले, "देवी म्हणाली, मला ह्यातलं काही विचारू नको."

यंदा एका झाडाच्या सालीच्या अर्कानं पेशी खरंच वाढल्या, आणि त्याही कोंब न फुटता. सर प्रयोगशाळेत नाचले. त्यांना नाचता येत नाही हे सगळ्या कॉलेजला कळलं. पण ताटलीतलं माणसाच्या अंगात जायला वर्षांमागून वर्षं लागतात, तोवर भाचीची वाढ काही थांबणार नाही, हे मला कळत होतं तसं त्यांनाही कळत होतं.

त्याच आठवड्यात मी त्यांच्यासोबत लातूरला गेले. जेवताना भाचीनं अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवली. "मामा, मी आता कमीच जेवते. वजन वाढूच देत न्हाई."

सरांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी ती भाकरी उचलून तिच्या दुधात कुस्करली, वर तूप ओतलं आणि वाटी तिच्यापुढं सरकवली.

"खा, बाई. तू वाढ. पेशींचं मी बघून राहिलो ना."

पोरीनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा मामाकडं. पहिला घास भीत भीत घेतला. मग आणखी तूप मागितलं.