गुरांवाचून थकलेलं कुरण

मोर्शीजवळच्या मामाच्या गावचं कुरण पाहायला ये, असं माझा मामेभाऊ अरुणदादा कित्येक वर्षं म्हणायचा. यंदा दिवाळीनंतर त्याचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. "येऊन पाहून जाय. मंग काई राह्यते का, सांगता येत नाई," म्हणाला. मी निघालेच.

अमरावतीला स्टँडबाहेर दही-चटणी घातलेला गरम गिलावडा खाल्ला आणि मोर्शीची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे ही सहल स्वस्तात होते. मोर्शी जवळ आली की दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात. पुढं दादाच्या मोटरसायकलवर. तुम्ही अशा कुरणात जाणार असाल तर जाड पँट आणि बूट घाला; माझ्या सलवारीतून कुसळं आरपार टोचली.

कुरण म्हणजे गावामागचं मुरमाड टेकाड. पूर्वी सगळ्या गावाची गुरं तिथं बारा महिने चरायची. गवत मुळापर्यंत खुडलं जायचं, पावसात माती नाल्याला लागायची. दादानं पुढाकार घेऊन ग्रामसभेत चराई आणि गवत कापणंही पूर्ण बंद करवलं, गवताचं बी पेरलं. काही पावसाळ्यांत छातीएवढं गवत उभं राहिलं, माती भुसभुशीत झाली, शेजारच्या गावांतून माणसं पाहायला येऊ लागली.

आता मात्र जुनं गवत आडवं पडून काळं झालं होतं. बुंध्यांना नवा फुटवा नव्हता, मधल्या जागेत रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं माजली होती. एका उतारावर उन्हाळ्यात वणवा लागलेला. वाळलेलं गवत इतकं साचलं होतं की आग आवरली नाही, आणि पहिल्या पावसात तिथली माती राखेसकट वाहून गेली.

दादा बांधावर बसला. "मले वाटलं, ढोरं बंद केली का झालं. थोडी थोडी चरू देली असती, शेन पडलं असतं, तं गवत नवं फुटलं असतं. मी कुलूपच लावून टाकलं."

गावाची गुरं राखणारा देविदास तेव्हा एक कोपरा तरी मोकळा ठेवा, असं विनवायला आला होता. दादानं ऐकलं नाही. विकतचा चारा परवडेना म्हणून देविदासनं स्वतःच्या गायी विकल्या. मग हळूहळू इतरांनीही. आता गावात चरायला सोडावीत अशी गुरंच उरली नाहीत.

संध्याकाळी मामींनी डाळीचे गोळे सोडलेली गोळाकढी आणि ज्वारीची भाकर केली. दादा धड जेवला नाही.

सकाळी आम्ही मोर्शीला गेलो. देविदास तिथं संत्र्यांची खोकी भरायच्या कामावर आहे. कुरणाचे चार भाग करू, एक चारू, बाकीच्यांना विसावा देऊ, गायींची सोय मी करतो, तू फक्त राखायला ये, असं दादानं त्याला सांगितलं. देविदासनं आधी चहा मागवला. तो संपवून कप बाजूला ठेवला.

"तुमी वाईट केलं असं मी म्हनत नाई, भाऊ," तो म्हणाला. "पन बजारात गायी देऊन निंगालो, तवा त्या माह्या मांगं मांगं येत होत्या. आता दावं हातात घ्याले मन होत नाई."

मी अमरावतीला परतले. काही दिवसांनी फोनवर दादानं सांगितलं, शेजारच्या गावची थोडी गुरं एका भागात सोडली आहेत. त्यांना टेकाडावरचं पाणी ठाऊक नाही, म्हणून तो स्वतःच पुढं चालतो. पुढच्या पावसाळ्यात काय ते दिसेल.

देविदासला दाखवायला बोलावलंस का, मी विचारलं.

"नाई," दादा म्हणाला. "कोन्या तोंडानं बोलावू?"