खळग्यातला चीक

"पूस ते. पदराने पूस!"

पुण्याहून आलेले पुरातत्त्वाचे साहेब ओरडले तेव्हा माझ्या हातात रिकामा तांब्या होता. पहाटे म्हैस व्याली होती. तिचा पहिला चीक मी कातळावरच्या कोरलेल्या गोल खळग्यांत ओतला होता. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमचा धनगरवाडा. तिथं कुणाचंही जनावर व्यालं की आधी कातळातल्या देवाला चीक, मग घरात खरवस. मला सासूने शिकवलं, तिला तिच्या सासूने.

"हे आदिमानवाने कोरलंय. हजारो वर्षं टिकलं, आणि तुम्ही अडाणी लोक त्यात दूध सांडता!"

मी पुसलं. गुडघ्यांवर बसून. साहेबांबरोबर आलेल्या कॉलेजच्या पोरांनी मोबाईल काढले. चीक चिकट, निघता निघेना. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यावर भागलं नाही. त्यांची मोजपट्टी खाली गाडीत राहिली होती. "आता इथे दगडाशेजारी उभी राहा. फोटोत दगडाची उंची कळली पाहिजे." मी उभी राहिले.

मग कातळाभोवती तारेचं कुंपण आलं. फाटक आलं, कुलूप आलं. किल्ली भोरच्या सरकारी कचेरीत गेली. आम्हाला कुणी विचारलं नाही.

पुढे दुसरी म्हैस व्याली. सासूने चीक फाटकाबाहेर मातीत ओतला. कुत्र्यांनी चाटला. "द्येव कोंडला गं माजा," म्हणून म्हातारी तिथंच बसून रडली. मी रडले नाही. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

उद्घाटनाच्या दिवशी फाटकाशी फलक लागला. त्यावर तोच फोटो. दगड अख्खा, मी मानेपर्यंत. डोकं कापलेलं. खाली दगडाची सगळी माहिती, माझं नाव नाही.

साहेबांनी मला गर्दीत हेरलं. "तू तीच ना? तांब्या घेऊन ये. पाहुण्यांना इथली परंपरा दाखवायची आहे."

काल घाण होती, आज परंपरा झाली!

"न्हाई येनार," मी म्हटलं. "मी तुमची मोजपट्टी न्हाई."

सरपंच पुढे आले. "वहिनी, पाव्हन्यांम्होरं नको."

"पाव्हन्यांम्होरंच. चिकानं दगूड खराब व्हतो ना? मग वाड्यावर येऊन आमच्या म्होरं बसून सांगा. आमी चीक वाटीत ठिवू. दगूड आमाला बी हवाय. पन एक किल्ली आमच्याकडं पायजे."

साहेब हसले. "दगड सरकारचा आहे, बाई."

मी फाटकाला पाठ लावून उभी राहिले. वाड्यावरच्या बाया एकेक करून माझ्या शेजारी आल्या. त्या दिवशी फीत कापली गेली नाही.

किल्ली अजून आलेली नाही. आमची म्हैस पुन्हा गाभण आहे. ती व्यायच्या आत किल्ली आली, तर दगडाला चिकाचा थेंब लागणार नाही, हा माझा शब्द. नाही आली, तर कुलूप मी फोडणार. कुऱ्हाडीला धार लावून ठेवली आहे.

या फोटो काढायला. या वेळी डोकं कापू नका.