थावराच्या नावावर टाकलेलं गणित

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. बोलणं त्या बाजूला वळायला लागलं की मी विषय बदलायचो, आणि त्यात मी तरबेज आहे. आता सत्तरीला टेकलोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवायचो. त्या काळात नववीत गेल्यावर दोन गणितांतलं एक निवडावं लागे. एक बीजगणित-भूमितीचं. दुसरं सामान्य गणित, सोपं, कसंही करून पास होता येईल असं. पण सामान्य गणित घेतलं की पॉलिटेक्निकचं दार बंद. पालकांनी विचार करून ठरवायचं, असा नियम. प्रत्यक्षात ठरवायचो मी. कच्ची मुलं सामान्य गणितात ढकलली की माझ्या विषयाचा निकाल शंभर टक्के लागायचा. पालकांची सही नंतर व्हायची.

मनीषा तांड्यावरची. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तीही जायची. आठवीचं अर्धं वर्ष तिचं उसाच्या फडातच गेलं. परत आली तेव्हा मार्क कमी पडले. म्हणून तिला सामान्य गणित दिलं — हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. ती उन्हाळ्यात सगळं भरून काढणारी पोर होती, आणि ते मला माहीत होतं.

मग का?

नववीच्या पहिल्या आठवड्यात मी भूमिती काढली होती. कुणी काय घ्यायचं ते अजून ठरायचं होतं. मनीषा उभी राहिली. "सर, हे पुढं कुठं कामाला येतं?"

"ज्याला ओव्हरसियर व्हायचं त्याला येतं," मी म्हणालो. "तुला कशाला? उसाच्या मोळ्या मोजायला?"

वर्ग हसला. तिनं खाली बसायला हवं होतं. ती बसली नाही.

"मला ओव्हरसियरच व्हायचं हाय सर. तांड्याचा रस्ता करायला आले होते ना, तसं. म्हणून इचारलं."

पोरं पुन्हा हसली. या वेळी माझ्याकडं बघून.

एवढंच. एवढ्यासाठी मी ते केलं. मोठं काही कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं, नाही का?

दोन दिवसांनी तिच्या बापाला, थावराला, बोलावून घेतलं. दारातच चप्पल काढून उभा राहिला. खुर्ची होती, मी बस म्हणालो नाही. म्हणालो, "पोरगीच म्हणते अवघड गणित झेपत नाही. तुला सांगायला लाजते. तिला सामान्य गणित घेऊ दे. दोन्ही बराबरच असतात."

"पुढं तकलीफ न्हाई ना व्हायची, सर?"

"काही नाही."

"मंग तुमी म्हणाल तसं. आमाला काय कळतंय." आणि त्यानं सही केली, एकेक अक्षर कोरत. सही करता येते याचा त्याला अभिमान होता.

मनीषाला सांगितलं — तुझ्या बापानंच सोपं मागितलं. पोरीला एवढं शिकवून काय करायचं, म्हणाला.

दोघांना दोन थापा. बाप-लेक एकमेकांना विचारणार नाहीत, हे मी हेरलं होतं. तांड्यावरच्या पोरी बापाला उलटं बोलत नसत. आणि लेक लाजते म्हटल्यावर थावराही तिला छेडणार नव्हता. माणसं कशी वागतात हे मास्तरला बरोबर कळतं. मी ते असं वापरलं.

दहावीत तिला सामान्य गणितात शाळेत सगळ्यांत जास्त मार्क पडले. सत्काराच्या बॅनरवर तिचा फोटो होता, शेजारी माझा. मग ती पॉलिटेक्निकला प्रवेश घ्यायला गेली आणि परत आली. माझ्याकडं आली, शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर. "सर, हे गणित चालत न्हाई म्हणले."

"सही तुझ्या बापाची आहे," मी म्हणालो. "त्याला विचार." आणि चहा प्यायलो.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

गेल्या दिवाळीनंतर कनेरगाव नाक्यावर गाडीची वाट बघत होतो. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा एक ट्रक चहासाठी थांबला. त्यातून एक बाई उतरली, सरळ माझ्याकडं आली आणि पाया पडली.

"सर, वळखलं का? मनीषा." मागं वळून लेकीला हाक मारली. "ये गं, हे माझे गणिताचे सर. पड पाया."

पोरगी पाचवीत होती. शाळेचं दप्तर पाठीला, ट्रकातल्या भांड्यांच्या पोत्यावरून उतरून आली. मी मनीषाला विचारलं, तू काय करतेस.

"टोळीच्या मोळ्या मीच मोजते, सर," ती हसत म्हणाली. "मुकादमाला बी माझ्याच हिशेबावर भरोसा."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो.

"तुमी लई जीव लावून शिकवलं," ती म्हणाली. "बानंच वाटोळं केलं. मी बोलणंच टाकलं त्याच्याशी. शेवटच्या दुखण्यात काहून बोलत न्हाईस म्हणून इचारून राहिला, तरी न्हाई बोलले. तसाच गेला."

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तुझ्या बानं काही केलं नाही, मनीषा, मी केलं, मला माफ कर. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं लेकीला वर चढवलं, मग स्वतः चढली, आणि वरून माझ्याकडं बघत राहिली. सर काहीतरी बोलतील असं वाटलं असावं.

"पोरगी हुशार दिसते," मी म्हणालो.