सातवी फटफटी

त्या वर्षी उरणच्या वाळूवर फटफट्यांची शर्यत होती. आधी प्रत्येकानं एकेकट्यानं धावायचं, मुंबईचा साहेब घड्याळ लावणार, आणि पहिल्या सहांनाच शर्यतीत घेणार. साहेब दातात सुपारी अडकल्यासारखा बोलायचा, “रूल इज रूल!”

त्यात फटफटी घेऊन एक कोळीही आला होता; त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. कमरेला रुमाल, तोंडात विझलेली विडी. थांबला की चाकाची ओली वाळू बोटानं खरवडायचा. त्याची पाळी शेवटची. तोवर भरती चढली, चाकं रुतली आणि तो सातवा आला.

“आऊट!” साहेब म्हणाला.

“सायेब, ते कोरड्यावर धावले, मी पान्यात. तुमच्या घड्यालाला भरती दिसते काय? पयल्याला आता सोडा, मंग मोजा!”

साहेबानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सहा गाड्या रेषेवर लागल्या. कोळी आपली फटफटी ढकलत त्यांच्या मागं येऊन उभा राहिला.

“हटो!” साहेब किंचाळला.

“वालू तुमच्या बापाची हाय?”

निशाण पडलं तसा तोही सुटला. निकालात त्याला कुणी धरलं नाही. पण त्या सहांतले दोन साहेबलोक त्याच्या मागं राहिले, ते अख्ख्या गावानं बघितलं.