दोघांपुरतं दळण

माईंच्या हातची कॉफी नकाशांच्या कार्यालयात नावाजलेली होती. अकराचा ठोका पडला की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे कागद बाजूला सारून दाराकडे बघत. पण खरं सांगायचं तर माईंचं काम फक्त पाणी उकळून फिल्टरमध्ये ओतायचं. दाण्यांचं दळण त्यांच्या नवऱ्याचं.

ते ट्रक चालवायचे. शेजारी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीला खिळले. सहा महिने कुणाशी धड बोलले नाहीत. एका सकाळी उशीर होत होता म्हणून माईंनी हातगिरणी त्यांच्या गुडघ्यांत अडकवली. म्हणाल्या, "उजवा हात काय शोभेला ठेवलाय तुमचा?"

तेव्हापासून दळण त्यांचं झालं. पूड चिमटीत चोळून बघायचे. भरड राहिली तर पाणी सरसर उतरतं आणि कॉफी पांचट होते. फार बारीक झाली तर फिल्टर तुंबतो, कॉफी कडू होते. संध्याकाळी माईंनी चप्पल काढायच्या आत विचारायचे, "काय म्हणाले आज?"

"साहेबांनी दुसरा कप मागितला."

मग त्यांना दोन घास जास्त जायचे.

पुढे कार्यालयात यंत्र आलं. बटण दाबलं की कप भरतो. माईंकडे कप विसळणं तेवढं उरलं. घरी हे सांगायला जीभ रेटेना. चार महिने त्या तेवढेच दाणे आणत राहिल्या, पूड शेजारीपाजारी वाटत राहिल्या आणि रोज नवी तारीफ रचत राहिल्या.

एका रविवारी हेडक्लार्क भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, "यंत्र आल्यापासून माईंना आराम झाला बघा."

ते गेल्यावर माई कप उचलायला लागल्या. ड्रायव्हरसाहेबच म्हणाले, "परवा साहेबांनी चौथा कप मागितला म्हणालीस ना? तेव्हाच शंका आली होती. एवढी कॉफी पिऊन माणूस झोपणार कधी?"

माईंना हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू कोसळलं.

"रडू नकोस. उद्यापासून दोघांपुरतंच दळू."

दोघांपुरतं दळण पाच मिनिटांत संपायचं. उरलेला दिवस त्यांना खायला उठे. थंडीत उजवा हातही थकला. माई त्यांच्या मुठीवर मूठ ठेवून दांडा फिरवायच्या. नंतर तेही जमेना. एका दुपारी, माई कामावर असताना, ते गेले. जवळ फक्त शेजारीण होती.

दहा-बारा दिवसांनी माई कामावर आल्या. साहेब म्हणाले, "अजून थोडी रजा घ्या."

"घरी बसून करू काय?" माई म्हणाल्या. कप विसळणं सोडून त्यांनी जुन्या नकाशांच्या खोलीतलं झाडपुशीचं काम मागून घेतलं. आता त्या तिथेच असतात. कुणी कॉफी आणून दिली तर नाही म्हणत नाहीत, पण बऱ्याचदा ती तशीच गार होते.